समोरून कोण येतं

वेस्ट मांबलम, मद्रास
८ जुलै १९६१

अक्का,

नुसता नमस्कार. साष्टांग घालत नाही, कारण मी रागावले आहे. तुझं कार्ड आलं. "मी खुशाल आहे. वसतिगृहातल्या मुली खुशाल आहेत. तुम्ही सर्व खुशाल असालच." तीन ओळी आणि तीन खुशाल! सरकार एवढं मोठं कार्ड छापतं, ती बाकीची जागा काय पुण्याच्या हवेनं भरायची? निदान भांडायला तरी लिही. तू माझी थोरली बहीण आहेस, टपालखात्याची नाहीस.

वर्ष झालं तुला जाऊन. परवा सासूबाईंनी विचारलं, "भवानी कधी येणार गे?" मी म्हटलं, कशाला यावं तिनं? घरातलं कोणी बाहेर निघालं की स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहायला? वाईट नाहीत गं त्या. तुझ्या हातच्या आंबट भाजीची आठवण काढून दोन घास कमी जेवतात. पण नवरा गेलेली बाई समोर आली की माघारी फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलंय. त्यांनी ते कोणाला शिकवलंही नाही. पोरं बघून बघून शिकतात.

त्या सकाळबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. आज मी लिहिते, तू वाच नाहीतर फाड. कनका पहिल्या दिवशी शाळेला निघाली होती. तू दुधाचं भांडं घेऊन फाटकातून आत येत होतीस. जिला तू न्हाऊमाखू घातलंस, मी शाळेत पोरींच्या कवायती घेत असताना जी तुझ्या मांडीवर वाढली, ती पोर तुला बघून उंबऱ्यातून मागे फिरली, पाटावर बसली आणि म्हणाली, "पेरिम्मा, पाणी." मावशी म्हण, मावशी म्हण म्हणून मी घसा कोरडा केला, पण शेजारच्या तमिळ पोरांचं ऐकून तू तिची पेरिम्माच राहिलीस. तर त्या पेरिम्मानं भांडं खाली ठेवलं, पाणी दिलं आणि हसली.

अक्का, तू रडली असतीस तर मी सोसलं असतं. ते हसू मला अजून सोसत नाही. महिना सरायच्या आत पुण्याच्या अनंतकृष्णमामांना लिहून तू ती वसतिगृहाची नोकरी मिळवलीस आणि ट्रंक उचलून गेलीस. घरच्या पोरीनंच अपमान केल्यावर कोण राहील? मला सगळं कळतं. परत ये म्हणायला तोंड नाही. तरी म्हणते, परत ये.

आता बातमी. शाळेत पोलीसखात्याचं पत्रक आलं: मुलांना रस्त्यानं चालायला शिकवा. आमच्या मोठ्या बाई हेमावतीबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं आणि काम मला दिलं. का, तर माझा आवाज मांबलम स्टेशनापर्यंत जातो. नारायणस्वामी नावाचा वाहतुकीचा शिपाई दर शनिवारी येणार. मैदानावर चुन्यानं रस्ता आखायचा. अर्ध्या मुलींनी मोटारी व्हायचं, अर्ध्यांनी माणसं. आमची दुसरीतली कनका बस होणार आहे. ती बस सकाळपासून घरभर फिरते आहे आणि सासूबाईंच्या पायावरून दोनदा गेली.

खाली तिनं तुला लिहिलंय. अक्षरं तमिळ, भाषा आपली. पुण्याच्या मुलींना दाखवू नकोस, आधीच त्या तुझ्या बोलण्याला हसतात म्हणतेस.

तुझी
वसंता

पेरिम्मा, मी बस आहे. तू ये. मी तुला तिकीट नाही विचारणार. कनका.


वेस्ट मांबलम, मद्रास
२० ऑगस्ट १९६१

अक्का,

कार्ड मिळालं. यावेळी चार ओळी! चौथी ओळ "कनकाचं अक्षर सुधारलं" अशी. ती मी तिला वाचून दाखवली. तिनं कार्ड उशाखाली ठेवलं आहे आणि मला हात लावू देत नाही.

आज तुला एक गंमत सांगायला बसले, पण सांगता सांगता ती गंमत राहील की नाही कोण जाणे. आमचा चुन्याचा रस्ता झोकात झालाय. नारायणस्वामी शिट्टी वाजवतो आणि पोरी ओरडतात, "उजवीकडे बघा, डावीकडे बघा, पुन्हा उजवीकडे बघा, मग निघा!" माना अशा हलतात की नाचाची शिकवणी वाटावी. हेमावतीबाई सुद्धा गॅलरीतून बघत होत्या. त्या शनिवारी मानाजीरावांची सरोजा रस्ता ओलांडायला निघाली. मान उजवीकडे, मान डावीकडे, सगळं बिनचूक. ती मधोमध पोचली आणि पलीकडून आमची सईबाई आली. सईबाई म्हणजे शाळेची नवी आया. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. बिचारी पाण्याची बादली घेऊन आपल्या वाटेनं चालली होती. सरोजानं तिला बघितलं, मधल्या मध्ये गर्रकन फिरली आणि उलटी पळाली. तेवढ्यात आमची कनका-बस भोंगा वाजवत आली, आणि बस आणि माणूस दोघंही चुन्यात आडवी.

सगळं मैदान हसलं. मी पण हसले. नारायणस्वामीनं सरोजाला उठवून विचारलं, "मध्येच का फिरलीस, अम्मा?" तिनं सांगायची गरजच नव्हती. त्यानं सईबाईकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याच्याही घरी तशीच आई असेल. तो टोपी काढून बराच वेळ घाम पुसत राहिला.

मग मी काय केलं सांगू? शिट्टी त्याच्याकडून घेतली आणि सगळ्या मुलींना एकेक करून पुन्हा रस्ता ओलांडायला लावला. त्यांच्या मानांकडे नाही, डोळ्यांकडे बघितलं. अक्का, आमच्या पोरी माना वळवतात, पण बाजूला बघत नाहीत. डोळे समोर. समोरून कोण येतं, भरली घागर की मोकळं कपाळ, गाय की मांजर, एवढंच त्या बघतात. उंबऱ्यावर शिकलेलं रस्त्यावर घेऊन येतात. मोटार समोरून येत नाही, बाजूनं येते, हे त्यांच्या गावीच नाही. आयांनी, आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं की धोका समोरून येतो.

सोमवारी मी वर्गात सांगून टाकलं. रस्त्यात असताना समोरून कोणीही येऊ दे, माघारी फिरायचं नाही. समोरचं माणूस कोणाला मारत नाही. झालं! मंगळवारी मानाजीराव हजर. अकाउंट्स ऑफिसातले गृहस्थ, जरीची किनार, बोलणं मऊ. म्हणाले, "बाई, तुमी रस्ता शिकवा. शकुन-अपशकुन आमच्या घरचं आमी बघतो की. उद्या माझी आई बोलली तर मी काय सांगू?" मी म्हटलं, आईंना सांगा की बसला ब्रेक असतो, शकुनाला नसतो. त्यांना ते रुचलं नाही. हेमावतीबाईंनी मला खोलीत बोलावलं. "वसंता, तू मानेचा व्यायाम शिकव. बाकीचं ज्याच्या त्याच्या घरी राहू दे. शाळा चालवायची आहे मला." मी "बरं" म्हटलं. माझं "बरं" कसं असतं ते तुला माहीत आहे, पण म्हटलं खरं.

आणि सईबाई? त्या दिवसापासून ती मैदान ओलांडतच नाही. शनिवारी भरलेली बादली घेऊन भिंतीच्या कडेकडेनं अख्खा वळसा घालते. मी तिला अडवलं. "मधून जा सईबाई, तुझ्या बापाचं मैदान आहे." तर हसली आणि म्हणाली, "नक्को बाई. मज सवय आहे. पोरींचं खेळ मोडतो."

तिचं ते हसू बघून मला तुझी इतकी आठवण आली की मी शिट्टी तोंडात धरून उभीच राहिले. मुली वाट बघत होत्या. तू होतीस तेव्हा रोज घरी आल्यावर तुला सगळं सांगायची. आता सांगायला भिंती आहेत. हे ऑफिसातून येतात, ऐकतात, "हं" म्हणतात. हे भले आहेत, पण "हं"वर माणूस किती दिवस जगेल? संध्याकाळी मागच्या पायरीवर बसते तर शेजारी तुझी जागा मोकळी. तिथं मी भाजीची टोपली ठेवते.

ये ना गं.

वसंता


वेस्ट मांबलम, मद्रास
१४ ऑक्टोबर १९६१

अक्का,

पत्राला उशीर झाला. घरी जरा कामं होती.

नवरात्राच्या बाहुल्या पायऱ्यांवर मांडल्या. पायऱ्या वाकड्या झाल्यात, तू असतीस तर पुन्हा मांडायला लावल्या असत्यास. यंदा खालच्या पायरीपुढे रांगोळीचा रस्ता काढला आणि त्यावर लाकडी राजा-राणी रस्ता ओलांडताहेत. पलंगावरून हुकूम सुटत होते, राजाला डावीकडे सरकव, राणीचं तोंड वळव. बघायला येणाऱ्या मामी विचारतात, हा कुठला देखावा? मी सांगते, शाळेपुढचा आर्य गौडा रोड.

शाळेचा मोठा कार्यक्रम झाला. पोलीसखात्याचे साहेब आले होते म्हणे, मुलींनी छान केलं म्हणे. मी गेले नव्हते. रजा होती.

कनका बरी आहे. यावेळी तिनं काही लिहिलं नाही, खेळण्यातून सवड मिळत नाही. खाते-पिते. बरी आहे.

एक विचारू? तू त्या दिवशी का हसलीस? वर्षभर मी स्वतःलाच सांगत आले की अपमान गिळायला हसलीस. पण सईबाईचं हसणं रोज बघते तेव्हा वाटतं, मला काही कळलेलं नाही. इतकी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि मी तुला कधी नीट विचारलंच नाही. खरं खरं सांग. खुशाल-बिशाल नको.

वसंता


वेस्ट मांबलम, मद्रास
३ डिसेंबर १९६१

अक्का, अक्का,

पत्र आलं! कार्ड नाही, पत्र, दोन्ही बाजूंनी भरलेलं. आनंदानं उघडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. आधी राग राग आला, मग रडले, आता पुन्हा राग आलाय. त्या रागातच लिहिते.

तर तू अपमान झाला म्हणून गेलीच नव्हतीस. मी वर्षभर सासूबाईंशी फटकून वागले, लेकीला बोल लावले, यांच्याशी भांडले, मानाजीरावांना शत्रू केलं, आणि तू लिहितेस की तुला कोणाचा रागच नव्हता. तू हसलीस ती आनंदानं! "पोर शहाणी झाली, मला बघून मागे फिरली, आता वाचेल." हे तू लिहिलं आहेस. तुझ्या अक्षरात.

आपल्या अप्पांच्या शेवटच्या सकाळचं तू मला आजवर का सांगितलं नाहीस? मला एवढंच ठाऊक की तांबरमच्या घरून सकाळच्या गाडीला म्हणून निघाले आणि स्टेशनातच कोसळले. ते दारातून निघताना तू दूध घेऊन समोर आलीस, "थांबा अप्पा, बसा, पाणी घ्या" म्हणालीस, आणि त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "वेडी आहेस, माझ्या लेकीचा कसला अपशकुन?" आणि तसेच गेले. हे तू सात वर्षं एकटी घेऊन बसलीस. आमच्या घरी दाराआड उभी राहायचीस ती सासूबाईंच्या धाकानं, असं मी समजत होते. तू तर आम्हाला वाचवत होतीस! आणि आता पुण्याला जाऊन बसलीस तीही कनकाला वाचवायला.

अक्का, अप्पा साठीला आले होते. तांबरम स्टेशनचा जिना चढताना मध्ये थांबून छाती चोळायचे. तू बघितलंस, मी बघितलं, तिकीट तपासणाऱ्यानंही बघितलं असेल. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला हे तुला आठवतं, पण त्यातून तू काय घेतलंस? बापाचं शेवटचं बोलणं खोटं ठरवलंस आणि लोकांचं खरं धरलंस.

तू हे मानणार नाहीस. मला माहीत आहे. म्हणून आता जे तुला कळवायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते. मोटारीखाली आली होती आपली कनका. घाबरू नकोस, आधी पुढचं वाच. ती जिवंत आहे, हसते-बोलते, माझ्याशी भांडते. उजवा पाय मोडला, मांडीपासून प्लास्टर आहे. सप्टेंबर संपता संपता झालं. नवरात्रात पलंगावरून हुकूम सोडत होती ती तीच.

रस्ता शिकवणाऱ्या बाईंचीच मुलगी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. अख्ख्या पेठेत झालं, कोणी तोंडावर बोललं, कोणी पाठीमागे. ते जाऊ दे. कसं झालं ते ऐक, कारण तुझ्यासाठी त्यातच सगळं आहे.

शाळा सुटली होती. मी फाटकात मुलींना रांगेनं सोडत होते. कनका पुढे निघाली आणि रस्त्याच्या काठाशी थांबली, मी शिकवलं तशी. पलीकडून विजयलक्ष्मीमामी येत होत्या. आपल्या समोरच्या घरातल्या. ठसठशीत कुंकू, वेणीत गजरा, कडेवर नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी घागर. यापेक्षा चांगला शकुन पंचांगात सुद्धा नाही. आमची पोर खुदकन हसली आणि सरळ चालू लागली. उजवीकडे बघितलंच नाही. उजवीकडून टॅक्सी आली.

मी ओरडले. स्टेशनापर्यंत जाणारा माझा आवाज वीस पावलांवर पोचला नाही.

टॅक्सीवाल्याची चूक नव्हती. त्यानं ब्रेक दाबला म्हणून पायावर निभावलं. त्यानंच उचललं, त्यानंच इस्पितळात नेलं, आणि बाकावर बसून माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मी कनकाला विचारलं, बघितलं का नाहीस गं? ती म्हणाली, "भरली घागर आली की अम्मा. मग कसं होईल काही?" सासूबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडात घातला. त्या दिवसापासून त्यांनी शकुनाचा एक शब्द काढलेला नाही. मी पण फटकून वागणं सोडलं. आम्ही दोघी आळीपाळीनं पोरीपाशी बसतो.

आता सांग मला. तू कुठे होतीस त्या दिवशी? पुण्यात. मुलींच्या भाकऱ्या मोजत होतीस. तुझी सावली सुद्धा मद्रासवर नव्हती. पोरीसमोर विधवा नव्हती, रिकामी घागर नव्हती, मांजर नव्हतं. समोर साक्षात लक्ष्मी होती आणि तरी पाय मोडला. दूर राहून तू काय वाचवलंस, अक्का?

इतकं कठोर लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. ती विव्हळायची तेव्हा तुला हाका मारायची, मला नाही. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुला कळेल.

वसंता


वेस्ट मांबलम, मद्रास
१८ फेब्रुवारी १९६२

अक्का,

दोन महिने होऊन गेले, कार्डही नाही. माझ्या पत्रानं दुखावलीस का? की घाबरलीस? मी शब्द मागे घेत नाही, पण शब्दांची धार मागे घेते. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की सासूबाई माझ्या आधी फाटकाशी जातात. तो "नाही" अशी मान हलवतो आणि त्या त्यालाच रागे भरतात.

प्लास्टर निघालं. पाय थोडा बारीक झालाय, भरून येईल म्हणतात. घरात चालते, अंगणात चालते. पण रस्ता ओलांडत नाही. काठाशी उभी राहते, उजवीकडे बघते, डावीकडे बघते, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि तशीच बघत राहते. रस्ता रिकामा असतो, कुत्रंसुद्धा नसतं, तरी पाय उचलत नाही. पूर्वी काही बघत नव्हती, आता बघणं थांबवतच नाही. हात धरून नेलं तर मधोमध किंचाळते. यांनी उचलून नेलं, तर पलीकडे जाऊन ओकली. शाळा रस्त्यापलीकडे. प्लास्टर निघून महिना झाला तरी पोर घरातच आहे आणि खिडकीतून शाळेची घंटा ऐकते.

नारायणस्वामी येऊन गेला. खिशात तिच्यासाठी संत्री होती. त्यानं शिट्टी वाजवून दाखवली, सगळी वाहतूक थांबवतो म्हणाला. ती त्याच्या मागे लपली. तोही काय करणार?

मग मला सुचलं. मूल पहिल्यांदा चालायला शिकतं तेव्हा कोणी त्याला मागून ढकलत नाही आणि हात धरून फरफटतही नाही. कोणीतरी समोर बसतं आणि हात पसरतं. तर मी पलीकडे जाऊन उभी राहिले आणि तिला हाक मारली. आली नाही. हे उभे राहिले. नाही. सासूबाई काठी टेकत पलीकडे गेल्या, उन्हात अर्धा तास उभ्या राहिल्या. नाही आली. रात्री जेवताना मी विचारलं, मग कोण उभं राहिलं तर येशील गं? तिनं ताटावरून मान वर केली नाही. म्हणाली, "पेरिम्मा."

मी म्हटलं, पेरिम्मा लांब आहे. ती म्हणाली, "ती रागावली. मी तिला बघून मागे फिरले की, म्हणून गेली."

अक्का, तिला आठवतं. आठ वर्षांची पोर, दीड वर्षापूर्वीची सकाळ तिला आठवते, आणि तिनंही माझ्यासारखाच अर्थ लावलाय. मी तिला खरं सांगितलं नाही. पेरिम्मा तुझ्यावर रागावली नाही, तिला तुझ्यासाठी भीती वाटते, हे आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगू? ते तू सांग.

सासूबाई बाजूलाच होत्या. हात धुवायला उठल्या. सकाळी बघते तर पुढची खोली झाडून तुझा पलंग तिथे आणून घातलेला. स्वयंपाकघरामागची नाही, पुढची. मला म्हणाल्या, "भवानीला लिही, असं म्हातारीनं सांगटलं म्हणून लिही. मी बोलावते." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः होऊन कोणाला बोलावलेलं मी पाहिलं नाही.

मी तुझी समजूत घालणार नाही. तुझ्या मनातली भीती माझ्या पत्रांनी जाईल असं मला वाटायचं, आता वाटत नाही. भीती घेऊनच ये. तुला वाटू दे की तू समोर आलीस तर वाईट होईल. माझ्या गळ्यात पडून तसं म्हण, रोज म्हण, मी ऐकून घेईन. पण ती पोर काठाशी उभी आहे आणि तिला समोर तू हवी आहेस. दुसरं कोणी चालत नाही. मी तिची आई आहे, मी चालत नाही, आणि मला त्याचा रागही येत नाही. मला सुद्धा तूच हवी आहेस.

वसंता


पुणे
२ मार्च १९६२

चि. कनकास अनेक आशीर्वाद.

हे अम्माकडून वाचून घे. मी रागावले नव्हते, मी भित्री आहे. अजूनही आहे. मंगळवारच्या मेलनं निघते आहे. पोचले की दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी, तुझ्या अगदी समोर उभी राहीन. तू घाई करू नकोस. आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. माझ्याकडे सगळ्यांत शेवटी बघ. मी तिथून हलणार नाही.

तुझी
पेरिम्मा